गोळी काम करेनाशी होते तेव्हा

आजचा विषय थोडा जड आहे, पण माझ्या रोजच्या जगण्यातला आहे. मला सीएमएल आहे, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर.

यात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं जनुक तयार होतं आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढत सुटतात. २००१ साली इमॅटिनिब ही गोळी बाजारात आली आणि चित्रच पालटलं. रोज गोळी घेऊन लोक वर्षानुवर्षं नोकरी-संसार करतात.

मग अडतं कुठे? एक तर गोळ्या चुकतात. बरं वाटतंय ना, मग कशाला, असं होतं. नाहीतर त्या जनुकातच बारीकसा बदल होतो आणि गोळी जिथे बसायची तिथे बसतच नाही. टी३१५आय हा त्यातला फार चिवट बदल. त्याच्यापुढे इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब तिन्ही हरतात. पोनॅटिनिब किंवा अ‍ॅसिमिनिब लागतं. आजार ब्लास्ट क्रायसिसपर्यंत गेला, तर रक्तात कच्च्या पेशींचा पूर येतो आणि उपचार खूप अवघड होतात.

गोळ्या न चुकवताही माझा आकडा वाढला होता. अंगाला काहीच जाणवत नव्हतं, कळलं ते पीसीआर टेस्टमुळे. म्युटेशन टेस्ट झाली, औषध बदललं. आता आकडा खाली येतोय.

तुमच्या ओळखीत कुणी असेल तर एवढंच विचारा, शेवटची पीसीआर कधी केलीस? आणि गोळी परस्पर बंद करायची नाही, आधी डॉक्टरांशी बोलायचं. भेटू पुढच्या भागात!