गीझरचा धूर जातो कुठे?

(रौप्यमहोत्सवी सभासद मेळाव्यातील भाषण)



सुरक्षिततेवर बोला म्हणून मला दहा मिनिटं दिली आहेत. लिफ्ट आणि वायरिंगवर बोलणारे जाणकार इथे बरेच आहेत. माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये बॉयलरवर गेली. म्हणून मी एवढंच विचारणार : पेटलेल्या आगीला हवा कुठून मिळते आणि तिचा धूर कुठे जातो?

आपण घोडबंदर रोडला राहायला आलो तेव्हा संध्याकाळी खिडकी उघडली की येऊरचा वारा घरभर फिरायचा. मग रस्त्याची धूळ आली, मेट्रोचं काम आलं, डास तर होतेच. आपण बाल्कन्यांना स्लायडिंग लावल्या, बाथरूमच्या खिडक्या बुजवल्या. घरं अशी बंद होत गेली आणि त्याच काळात पाइपचा गॅस आला, पाठोपाठ गॅस गीझर आले.

आता हिशेब बघा. १ घनमीटर गॅस जळायला साधारण १० घनमीटर हवा लागते. मिनिटाला ६ लिटरचा गीझर पूर्ण चालला तर तासाला एक घनमीटरभर गॅस घेतो. आपली बाथरूम ५ बाय ७ फुटांची, उंची ८ फूट धरा. म्हणजे आत सगळी मिळून ८ घनमीटर हवा. ती संपायची वाट बघावी लागत नाही. ऑक्सिजन थोडा कमी झाला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, कारण वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. माणसाला कळतं तेव्हा हात कडीपर्यंत पोचत नाही. दर हिवाळ्यात नाशिक-पुण्याकडच्या अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

म्हणून साधा गॅस गीझर बाथरूममध्ये नकोच. “आम्ही ड्राय बाल्कनीत लावलाय” असं बरेच जण सांगतात. पण बाल्कनीला काचा लावल्या की तीही खोलीच झाली! धुराचा पाइप काचेच्या आतच संपत असेल तर तो पाइप फक्त शोभेचा. दुसरी गोष्ट, एक्झॉस्ट फॅन आणि किचनची चिमणी. घर बंद असताना ती चालू केली की ती कुठून तरी हवा ओढणारच, आणि सोपी वाट म्हणजे गीझरचा पाइप. वर जाणारा धूर उलटा घरात येतो. हवेसाठी खाली एक जाळी कायम उघडी हवी, तिच्यावर कॅलेंडर लावू नये.

ज्यांची मुलं अमेरिका-कॅनडात आहेत त्यांनी तिथल्या भिंतीतून बाहेर आलेले दोन पांढरे पाइप पाहिले असतील. तळघरातल्या गॅसच्या भट्टीवर, म्हणजे फर्नेसवर, सगळं घर तापतं. एक पाइप बाहेरची हवा थेट भट्टीत नेतो, दुसरा धूर बाहेर टाकतो. घरातल्या हवेला कोणी हात लावत नाही. धुराचा पाइप फुटाला पाव इंच असा भट्टीकडे उतरता ठेवतात, म्हणजे धुरातलं पाणी मागे येऊन निचरा होतो. तोंडं बर्फाच्या थराच्या वर ठेवतात. आपल्याकडे बर्फ नाही, पाऊस आहे. म्हणून आपल्या फॅनवाल्या गीझरचा आडवा पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा. आणि तिथे पीव्हीसी चालतो म्हणून इथे लावू नका. त्या भट्टीचा धूर गार होऊन निघतो, आपल्या गीझरचा चांगला गरम असतो. कंपनीने दिलेला धातूचाच पाइप वापरा, बेंड कमीत कमी ठेवा, आणि तोंड कोणाच्या खिडकीखाली काढू नका.

आता आपल्या इमारतीचं. काही फ्लॅटचे पाइप डक्टमध्ये सोडलेत. कबुतरं आणि पाऊस नको म्हणून गच्चीवर डक्टच्या तोंडावर आपण पत्रे टाकले. खालचा गरम धूर वर चढतो, वर झाकण, मग तो शिरतो वरच्या मजल्याच्या बाथरूममध्ये. ज्यांच्याकडे गीझरच नाही त्यांच्याही! हा माझ्या मते कोणाच्या घरचा खाजगी प्रश्न राहत नाही.

कमिटीपुढे माझं म्हणणं दोन गोष्टींचं आहे. पत्रे काढायची गरज नाही. अँगलवर दीड फूट उचला आणि बाजूंना जाळी मारा. डक्टमधले पाइप बाहेरच्या भिंतीतून काढायला कोर कटिंगची परवानगी द्या. बाहेरून इमारतीचं रूप बिघडतं म्हणून नकार देऊ नका, एसीचे डबे लटकताना आपण कोणाला अडवलं नाही.

फॅब्रिकेटर रविवारी सकाळी दहाला माप घ्यायला येतोय. ज्यांचे पाइप डक्टमध्ये आहेत त्यांनी घरी थांबा आणि तोवर आंघोळीच्या आधी बादली भरून घ्या, गीझर बंद करा, मगच आत जा. मी शिडी घेऊन येतो.