हजेरीपटाची नक्कल

हजेरीपट आता संगणकात गेला आहे. तेव्हा त्याची भाषा आम्हां कामगारांनाही कळली पाहिजे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथॉन भाषेत यादीच्या पोटात यादी ठेवता येते : एकेका कामगाराची एकेक ओळ. पण कोरी ओळ एकदाच लिहून तिला ४० ने गुणले, तर ओळी ४० होत नाहीत; ४० बोटे एकाच ओळीकडे दाखवतात. मग एकाचा खाडा मांडावा, तो चाळिसांच्या माथी! सबंध ओळच बदलली, तर मात्र बाकीच्यांना धक्का लागत नाही. म्हणूनच ही गफलत चटकन ध्यानात येत नाही. वरवरच्या नकलेचीही हीच गत. बाहेरची यादी नवी, आतल्या ओळी जुन्याच. तिच्यावर ‘दुरुस्तीपूर्वीची प्रत’ म्हणून कोणी विसंबला, तर आतल्या ओळीतली दुरुस्ती तीतही उमटलेली! आम्ही म्हणतो, प्रत्येक ओळ वेगळी घडवा, किंवा डीपकॉपीने आतपर्यंत नक्कल घ्या, आणि मग पगारपत्रक काढा.