एक चाक ठप्प, दुसरे दुप्पट

सोयाबीनच्या सोंगणीत परतीचा पाऊस आला की वाशीम जिल्ह्यातील काळ्या, भारी जमिनीत भरल्या ट्रॉलीसह रुतलेल्या ट्रॅक्टरचे एक चाक जागीच गरगरते आणि दुसरे पक्क्या जमिनीवर असूनही हलत नाही. याचे कारण इंजिनाच्या ताकदीत नसून गिअरबॉक्स आणि चाके यांच्यामधील यंत्रणेत आहे.

मालट्रकमध्ये गिअरबॉक्सपासून मागच्या धुरीपर्यंत प्रोपेलर शाफ्ट हा लांब, पोकळ दांडा जातो, आणि खड्ड्यांत धुरी खालीवर झाली तरी तो अडू नये म्हणून त्याच्या टोकांना सांधे असतात, ज्यांना गॅरेजमध्ये नुसते 'क्रॉस' म्हणतात. ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि मागची धुरी एकमेकांना थेट जोडलेली असल्याने हा दांडा लागत नाही. दोन्हींत पुढे लहान पिनियन मोठ्या क्राउन चाकाला फिरवते, त्यामुळे वेग घटतो, जोर वाढतो आणि फिरण्याची दिशा काटकोनात वळते.

खरी करामत क्राउन चाकाला जोडलेल्या डिफरन्शियलची. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून ही दातेरी चाकांची जुळणी दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, मात्र जोर दोन्हींकडे जवळपास सारखाच पाठवते. क्राउन मिनिटाला ६० फेरे घेत असेल तर त्याला जोडलेल्या दोन्ही अर्ध्या धुऱ्यांच्या फेऱ्यांची बेरीज १२० असते: सरळ रस्त्यावर ६० आणि ६०, वळणावर ५० आणि ७०, तर चिखलात शून्य आणि १२०. निसरड्या चिखलातील चाकाला फिरायला फारच थोडा जोर पुरतो, आणि तेवढाच थोडा जोर पक्क्या जमिनीवरील चाकाच्या वाट्याला येतो. रेस वाढवल्याने फक्त खड्डा खोल होतो.

यावरचा उपाय बहुतेक ट्रॅक्टरमध्ये चालकाच्या पायाशीच असतो. डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबले की दोन्ही अर्ध्या धुऱ्या एकजीव होऊन फिरतात आणि पक्क्या जमिनीवरचे चाक ओढ घेते. मात्र चाक गरगरत असताना पेडल दाबल्यास दाते तुटू शकतात, आणि लॉक लागलेला असताना ट्रॅक्टर नीट वळत नाही. म्हणून शेतकऱ्यांनी आधी क्लच दाबून चाके थांबवावीत, मग लॉक लावून सरळ बाहेर यावे आणि वळण घेण्यापूर्वी, विशेषतः डांबरी रस्त्यावर चढण्याआधी, तो सुटल्याची खात्री करावी.