सहमतचे घर आणि 'गाझी'चा सापळा

(चित्रपट रसास्वाद वर्गातील व्याख्यानाचा अंश)



हेरपट पाहावयास जाणाऱ्या प्रेक्षकाची अपेक्षा ठरलेली असते. नायकाने छपरांवरून उड्या माराव्यात, शत्रूच्या तळावर एकट्याने धाड घालावी आणि प्रेक्षकाने शिट्ट्या वाजवून घरी जावे! मेघना गुलजार दिग्दर्शित 'राझी' हा चित्रपट २०१८ साली आला. त्याने ही अपेक्षा पुरविली नाही; तरीही चित्रपटगृहांत तो श्वास रोखून पाहिला गेला.

हरिंदर सिक्का यांच्या 'कॉलिंग सहमत' या कादंबरीवर तो बेतलेला आहे. काळ १९७१चा. दिल्लीत शिकणारी काश्मिरी तरुणी सहमत पित्याच्या शब्दाखातर पाकिस्तानी ब्रिगेडियरची सून होऊन जाते आणि न्हाणीघराचे दार लावून मोर्स संकेतांत संदेश धाडू लागते. सासर दुष्ट असते तर तिचे काम सोपे होते. पण पती सुशील, सासरा विश्वास टाकणारा. घरच्या जुन्या नोकराला, अब्दुलला, तिचा संशय येतो, तेव्हा त्याला गाडीखाली चिरडण्याचे काम तिलाच करावे लागते. त्या क्षणी प्रेक्षागृहात टाळी पडत नाही. दिग्दर्शिकेचे खरे यश तेथे आहे.

लष्करी शाळेतील मुलांना ती एक देशगीत शिकविते. मुले ते आपल्या देशासाठी गातात, ती मनोमन आपल्या. सूर तोच, मायभू वेगळी. अशी दृश्ये आपल्या हेरपटांत विरळाच.

एक सावधगिरी मात्र हवी. 'विक्रांत'वरील संकट टळल्याचे श्रेय चित्रपट सहमतच्या संदेशाला देतो. कथेला ते शोभते. परंतु प्रेक्षक तोच इतिहास म्हणून घरी नेतो. नौदलाची हकीकत अधिक रंजक आहे. व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी 'विक्रांत'ला अंदमानकडे सुरक्षित ठेवले आणि 'राजपूत' या जुन्या विनाशिकेकरवी बिनतारी संदेश असे सोडविले की, विमानवाहू नौका विशाखापट्टणमजवळच आहे असे वाटावे. तेथील बाजारात मोठ्या नौकेला पुरेल एवढ्या शिध्याची मागणीही नोंदविली गेली. शत्रूच्या हेरांच्या कानी ती जावी, हाच हेतू! 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी त्या किनाऱ्यापाशी आली आणि ३-४ डिसेंबरच्या रात्री तळाशी गेली. ती कशाने बुडाली, यावर दोन्ही देशांचे आजही एकमत नाही.

अशा कामातील माणसे नावानिशी समोर येत नाहीत. १९६८ साली स्थापन झालेल्या 'रॉ'चे पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव प्रसिद्धीपासून आयुष्यभर दूर राहिले. शिवछत्रपतींच्या बहिर्जी नाईकांविषयी तरी कागदोपत्री किती सापडते?

सहमत परत येते, ती पतीचा मृत्यू पाहून आणि त्याचे मूल पोटात घेऊन. तिच्या वाट्याला ना मिरवणूक येते, ना पदक. तिचा मुलगा पुढे भारतीय सैन्यात जातो, आणि वृद्ध सहमत एका रित्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसलेली दिसते.