ओट्यावरची मैत्री

फिलिप ग्विन यांची ‘डेडली, उन्ना?’ ही १९९८ सालची किशोर-कादंबरी तुम्ही वाचली असेल असं धरून मी तिच्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातलं समुद्रकाठचं छोटं गाव, पोर्ट. जेटी, पब, फुटबॉलचं मैदान, वस्ती गोऱ्यांची. ॲबोरिजिनल लोक राहतात वेगळे, पॉइंटला. गोरा ब्लॅकी आणि पॉइंटचा डम्बी रेड एकाच टीममध्ये खेळतात. पॉइंटची पोरं आली नाहीत तर पोर्टची टीमच उभी राहत नाही!

आपल्याकडे घराला ओटा असायचा. ओट्यावर कुणीही टेकावं. पाणी मिळे, चहासुद्धा मिळे. माजघरात कुणाला घ्यायचं ते मात्र मोठी माणसं ठरवत. पोर्टचं मैदान म्हणजे असा ओटा. तिथे डम्बीला टाळ्या आहेत, पाठीवर थाप आहे. पण फायनल गाजवूनही मेडल त्याला मिळत नाही, ते माजघरातल्यांसाठी राखलेलं. पुढे पबमधल्या चोरीत डम्बी गोळी लागून मरतो, तेव्हा ओट्यावरून कुणी उठून गेलं, एवढंच पोर्टला वाटतं.

ब्लॅकीला मात्र तसं वाटत नाही. बापाचा विरोध मोडून तो पॉइंटला अंत्यविधीला जातो. जेटीवरच्या शेडवर ॲबोरिजिनल लोकांना शिवी रंगवलेली आहे. गावातली मोठी माणसं येता-जाता ती बघतात. रात्री भावंडांना घेऊन ब्लॅकी तिच्यावर रंग फासतो. रंगाचा डबा बापाच्याच शेडमधला!

आपल्यासाठी मुद्दाम सांगतो, कारण हे निसटतं: मुलं मैदानात एकत्र खेळतात म्हणून आपण निर्धास्त होऊ नये. ‘आमच्याकडे असलं काही नाही, सगळी एकत्र खेळतात,’ असं आईबाप मला ठासून सांगतात. अहो, पण जेवायला कोण येतं? टीममधल्या कोणत्या पोराचं घर तुमच्या मुलाने अजून आतून पाहिलेलं नाही? आडनावं आठवा, आळ्या आठवा. ओट्यावरची गर्दी मोजू नका.

डम्बीसारखेच, १९७७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट व्हिक्टोरिया गावात दोन ॲबोरिजिनल तरुण खरोखरच गोळीने मेले होते. २००२ साली कादंबरीवर ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ हा सिनेमा निघाला, तेव्हा त्या तरुणांच्या घरच्यांच्या दुःखावरून तिथे मोठा वाद झाला. त्यावर सविस्तर बोलायला हवं होतं. आणि ‘नुकिन या’ हा पुढचा भाग, त्यात डम्बीची बहीण क्लॅरेन्स आणि ब्लॅकी जवळ येतात, म्हणजे प्रश्न थेट माजघराचाच होतो… पण वेळ संपली. तो भाग मिळवून वाचा, आणि मुलांनाही वाचायला द्या.