कोरियन लोकांची रीतभात आणि आपल्या मुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



हा विषय चिटणीसबाईंनी मला दिला, तेव्हा एकीने विचारलेच, "अमरावती-अकोल्यात बसून आपल्याला कोरियाशी काय करायचे?" प्रश्न रास्त आहे. पण आपल्या वऱ्हाडातील मुली शिकून पुण्याकडे आणि संभाजीनगराकडे नोकरीस जातात, आणि तिकडे कोरियन मालकीचे मोठे कारखाने आहेत. रांजणगावास एलजीचा आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२४ साली ह्युंदाईने ताब्यात घेतला. शेंद्र्यास ह्योसंगच्या कारखान्यात स्पँडेक्सचा धागा निघतो. हा धागा सुती कापडात थोडा घातला की कापड ताणले जाते. माझी एक भाचीही कोरियन मालकांच्या कारखान्यात आहे. तिने सांगितलेले व मी वाचलेले, असे दोन्ही आज आपल्यापुढे ठेवते.

त्या देशाशी आपली ओळख अगदीच नवी नव्हे. १९५० साली तेथे युद्ध पेटले, तेव्हा भारताने आपले लष्करी वैद्यकीय पथक पाठवले होते. १९५३ साली लढाई थांबल्यावर मायदेशी परतण्यास तयार नसलेल्या हजारो युद्धकैद्यांची राखण भारतीय सैन्याकडे आली. त्या सैन्याचे प्रमुख होते आपले कोल्हापूरकडचे जनरल थोरात.

आता रीतभात पाहू. कोरियन माणूस पहिल्या भेटीतच समोरच्याचे वय आणि हुद्दा जाणून घेऊ पाहतो. यात भोचकपणा नसतो. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण असे भेद आहेत, तसे त्यांच्या भाषेत क्रियापदच माणसाच्या मानाप्रमाणे बदलते. समोरचा वडील की धाकटा, हे कळल्याशिवाय त्याला धड बोलताच येत नाही. वरिष्ठाला नुसत्या नावाने कोणी हाक मारीत नाही. आडनाव, पुढे हुद्दा आणि शेवटी 'निम' हा आदराचा शब्द लावतात. आडनाव आधी, नाव मागून. किम, ली आणि पार्क या तीन आडनावांतच जवळजवळ निम्मा देश येतो, म्हणून हुद्दा सांगितल्यावाचून माणूस ओळखू येणे कठीण! आणखी एक गंमत सांगते. तेथे लग्नानंतर बाई आपले माहेरचेच आडनाव ठेवते.

वस्तू देताना-घेताना दोन्ही हात पुढे करावे, किंवा उजव्या हाताला डाव्याचा आधार द्यावा. आपण तीर्थ घेतो तसेच. कोणी नावाचे कार्ड दिले तर ते वाचावे, मग ठेवावे. न पाहता पर्समध्ये कोंबणे हा अपमान समजतात. घरात जोडे काढूनच जायचे. पंगतीत सर्वांत वडील माणसाने चमचा उचलल्यावर इतरांनी सुरुवात करायची. भातात काड्या उभ्या खोचू नयेत, कारण तसे मृतांपुढे ठेवलेल्या भातात करतात. कोणाचे नाव लाल शाईने लिहू नये. तेही मृत्यूशी जोडलेले आहे.

त्यांच्या स्वयंपाकाबद्दल ऐकून मला फार नवल वाटले. आपल्या शेतातले सोयाबीन आपण बाजारात नेतो, घरात क्वचितच शिजवतो. तेथे सोयाबीन शिजवून, कुटून त्याच्या विटा करतात, भाताच्या पेंढ्याने बांधून टांगतात आणि पुढे मिठाच्या पाण्यात मुरवतात. त्यातूनच त्यांचे काळे सॉस आणि घट्ट चटणी निघते. हिवाळ्याच्या तोंडी कोबीची आंबवलेली किमची घालायला शेजारणी एकत्र जमतात, जशा आपण उन्हाळ्यात कुरडया-पापडांना जमतो. मात्र किमचीत पुष्कळदा मासळीचा रस असतो. शाकाहारी मुलीने पहिल्याच दिवशी आपला आहार स्पष्ट सांगावा. कामानंतर सर्वांनी मिळून जेवायला जाण्याची त्यांची पद्धत आहे. तेथे मद्य पुढे आले तर "मी घेत नाही" म्हणून दोन्ही हातांनी पाण्याचा पेला पुढे करावा. त्यात उद्धटपणा नाही.

आता कामाकडे वळते. 'पाली पाली', म्हणजे लवकर लवकर, हा त्यांचा मंत्र. वेळेआधी पाच मिनिटे हजर असणे म्हणजेच वेळेवर येणे. आणि येथेच आपली एक सवय आड येते. होणार नाही हे ठाऊक असूनही आपण "हो, बघते" म्हणतो. माझ्या भाचीने एका कामाला असाच होकार दिला आणि अडचण शेवटच्या दिवशी सांगितली. साहेब रागावले, पण म्हणाले, "उशीर झाला याचे नाही, उशिरा सांगितलेस याचे वाईट वाटले." तेव्हापासून ती अडचण दिसताच सांगते, आणि सोबत एखादा उपायही सुचवते. वरिष्ठाची चूक दाखवायची असली तर चारचौघांत दाखवत नाही, बाजूला भेटून सांगते.

भगिनींनो, मानापमान, वडीलधाऱ्यांचा आदर, न बोलता मनातले ओळखणे, हे आपल्या मुलींना घरातच मिळते. कोरियन माणूस या ओळखण्याला 'नुनची' म्हणतो आणि त्याची फार किंमत करतो. पण मला खरी काळजी वाटते ती याच गुणाच्या दुसऱ्या बाजूची. वडिलांपुढे बोलू नये असे शिकलेली मुलगी अन्यायापुढेही गप्प राहते. त्यांच्याकडेही हेच दुखणे आहे. शरद ऋतूतल्या पौर्णिमेच्या सणाला पितरांचा नैवेद्य रांधून तेथील सुनाही थकतात आणि आता त्याविषयी उघड बोलू लागल्या आहेत. कामाच्या जागी हुद्द्याच्या जोरावर छळ करण्यास खुद्द कोरियानेच २०१९ पासून कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. मालक देशी असो की परदेशी, हा कायदा सर्वांना सारखाच. मुलीला गाडीत बसवताना लोणच्याच्या बरणीबरोबर एवढी माहितीही द्या. समितीत कोण आहे, हे तिने पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवावे.

वाकून नमस्कार करणे वेगळे आणि वाकून राहणे वेगळे. पहिले आपल्या मुलींनी आनंदाने करावे, दुसरे कोणासाठीही करू नये.