‘लक्ष नव्हतं’ एवढं लिहून भागत नाही

पाळी बदलून, रजा टाकून आलेल्या कामगार बंधू-भगिनींनो,

चाकणमध्ये आपलं स्वागत. संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार ही या गावाची जुनी ओळख. आता ट्रेलरच्या रांगा ही नवी. येताना आपणही त्या रांगेत अडकला असाल. ती हटवणं स्वागत समितीच्या आवाक्याबाहेरचं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मी एक छोटं प्रेसशॉप चालवतो. कामगारांच्या परिषदेला मालक स्वागताध्यक्ष कसा, असं समितीतच काहींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण पत्र्याच्या कामात बोट कसं जातं हे प्रेसशॉपवाल्याला नेमकं ठाऊक असतं, आणि चारचौघांत तोच गप्प बसतो. म्हणून उभा राहिलो.

आपल्या पट्ट्यात किल्ली-क्लचच्या जुन्या प्रेस अजून चालतात. पायडल दाबलं की फेरा पूर्ण होईपर्यंत ती मध्येच थांबत नाही. किल्ली झिजली किंवा स्प्रिंग तुटली तर पायडल न दाबताही दुसरा ठोका पडतो. त्या क्षणी हात डायमध्ये असतो, कारण पीस हातानंच काढायचा असतो. नव्या मशीनला दोन हातांची बटणं असतात, सेन्सर असतो. मग टार्गेट वाढतं. एक बटण पाचर मारून कायमचं दाबून ठेवलं जातं आणि सेन्सर ‘तात्पुरता’ बंद होतो. हे सगळं ऑपरेटर आपल्या मनानं करतो म्हणणाऱ्यांनी सुपरवायझरच्या वहीतला ताशी पीसचा आकडा बघावा. आणि अपघातानंतर अहवालात ओळ ठरलेली: कामगाराचं लक्ष नव्हतं.

अहो, दहाव्या तासाला कुणाचं लक्ष असतं? लक्ष चुकलं तर पीस बिघडावा, बोट जाऊ नये, यासाठीच गार्ड असतो.

कायद्यानं तर ही सबब कधीच निकालात काढली आहे. 1923च्या भरपाई कायद्यात नुसता निष्काळजीपणा हे पैसे नाकारायचं कारण नव्हतं. दारूची नशा, नियम मुद्दाम मोडणं, गार्ड मुद्दाम काढणं एवढेच अपवाद. मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर तेही लागू नव्हते. कंत्राटदाराचा माणूस म्हणून मूळ कंपनीला हात झटकता येत नव्हते. त्या कायद्याच्या अनुसूचीत अंगठ्याला 30 टक्के, एका हाताच्या चारही बोटांना 50, करंगळीला 7. हिशेब कोरडाच, पण हिशेब तर होता. आता तो कायदा आणि 1948चा राज्य कामगार विमा म्हणजे ईएसआय कायदा दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. त्यावर दुपारी वकील मंडळी बोलतील.

भरपाईची मागणी मात्र 1923च्याही आधीची. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या गिरणी कामगारांनी जे मागितलं, त्यातली रविवारची सुट्टी सगळ्यांच्या लक्षात राहिली. जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय, हेही त्याच मागण्यांत होतं. लोखंड्यांचं मूळ गाव कन्हेरसर. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातलं. इथल्या कारखान्यांत त्यांची जयंती साजरी व्हावी असं मला फार वाटतं. निदान ही कलमं तरी नोटीस बोर्डावर लागावीत.

ईएसआयचं एक सांगतो, कारण फसवणूक तिथेच होते. महिना 21,000 रुपयांपर्यंतच्या पगाराला ते लागू आहे. पण कित्येकांचं कार्ड बोट गेल्यावर, त्याच दिवशी निघतं. कामावरच्या इजेसाठी हक्क पहिल्या दिवसापासून असतो. मालकानं वर्गणी भरली नसली तरी तो बुडत नाही. ईएसआय महामंडळानं लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचा, अशी 1948च्या कायद्यातच तरतूद होती. अपंगत्वाची टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवतं, आणि ते कायमचं ठरलं तर पैसे जन्मभर मिळतात. तरी मराठवाड्यातली, बिहारमधली पोरं पट्टी बांधून गावी जातात ती जातातच. मंडळासमोर उभं राहायचं असतं, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून मांडवाच्या डाव्या हाताला एक टेबल मांडलं आहे. ज्यांचं मंडळ बाकी आहे, त्यांनी दवाखान्याचे कागद आणि पगाराची चिठ्ठी घेऊन तिथे नाव नोंदवा. चिठ्ठीच मिळत नसेल तर तसं सांगा, बँकेच्या पासबुकावरूनही सुरुवात करता येईल. टेबल जेवणाच्या सुट्टीतही चालू राहील. आता अध्यक्षांनी परिषदेचं कामकाज सुरू करावं, अशी विनंती करतो.